फ्लूच्या नव्या लसीची चाचणी : सोलापुरातील एका संशोधन केंद्राच्या सेवेविषयी

सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात फ्लूच्या नव्या लसीची चाचणी सुरू आहे. तिच्यात मी साठ वर्षांवरील गटातील स्वयंसेवक म्हणून सहभागी झाले आणि त्या केंद्राच्या सेवेविषयीचे माझे मत येथे लिहीत आहे. चाचणी अजून पूर्ण व्हायची असल्यामुळे केंद्राचे, प्रायोजक कंपनीचे आणि लसीचे नाव मी दिलेले नाही. थोडक्यात सांगायचे तर वैद्यकीय काळजीच्या बाबतीत हे केंद्र उत्तम आहे. संमती घेण्याच्या पद्धतीत ते मराठी वाचता येणाऱ्यांसाठी चांगले, पण इतरांसाठी अपुरे आहे. चाचणीचा निकाल सहभागी माणसाला कळवण्याच्या बाबतीत मात्र ते फारच मागे आहे.

दुकानातून आणलेला माल पसंत पडला नाही तर परत करता येतो, पण दंडात टोचलेली लस परत करता येत नाही. त्यामुळे अशा केंद्राची पारख करताना बसायची जागा कशी आहे आणि चहा वेळेवर मिळतो का, याला मी दुय्यम महत्त्व देते. सुई टोचण्यापूर्वी आपल्याला किती सांगितले गेले, विचार करायला किती वेळ मिळाला आणि नकार देणे किती सोपे होते, हे मी आधी पाहते. या तीन गोष्टी नीट नसतील तर बाकीच्या सोयी कितीही चांगल्या असल्या तरी मी कोणाला तिथे जा म्हणून सांगणार नाही.

फ्लूची लस तर पूर्वीपासून आहे, मग पुन्हा चाचण्या कशाला, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. त्यामुळे लसीत विषाणूचे कोणते प्रकार घ्यावेत, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. शिवाय वय वाढले की शरीराची प्रतिकारशक्ती लसीला तितक्या जोमाने प्रतिसाद देत नाही. नेहमीच्या लसीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असते, तर ज्येष्ठांसाठी काही देशांत वापरल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या लसीत ते ६० मायक्रोग्रॅम असते. बहुतेक लसी अजूनही कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार केल्या जातात. हा वेळखाऊ मार्ग टाळता यावा म्हणून पेशींमध्ये वाढवलेल्या लसी काही देशांत वापरात आल्या आहेत आणि एमआरएनए तंत्राने, म्हणजे विषाणूचे प्रथिन बनवण्याची सूचना शरीराला देऊन, काम करणाऱ्या लसींचे प्रयत्न चालू आहेत. बी प्रकाराच्या विषाणूची यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने आढळलेली नाही. त्यामुळे चार प्रकारांच्या लसीवरून पुन्हा तीन प्रकारांच्या लसीकडे येण्याचा सल्ला तज्ज्ञांनी दिला आहे. इतके बदल होत असताना प्रत्येक नवी लस माणसांवर तपासून पाहण्यावाचून मार्ग नाही, आणि ती माणसे कुठून तरी पुढे यावी लागतात.

सोलापूरला या आजाराचे महत्त्व अधिक वाटावे असे एक कारण आहे. भारताच्या बहुतेक भागांत फ्लूची लाट पावसाळ्यात येते आणि थंडीच्या अखेरीस तिचा दुसरा, लहान उठाव दिसतो. आपल्या जिल्ह्यात आषाढी वारीसाठी लाखो वारकरी पंढरपुरात जमतात ते पावसाळ्याच्या तोंडावर, आणि सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते ती संक्रांतीला, म्हणजे थेट त्या दुसऱ्या उठावाच्या काळात. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून एसटीने प्रवास करणारी माणसे मी पाहिली आहेत. पुढच्याच वर्षी त्या विषाणूवरच्या भारतीय बनावटीच्या लसी बाजारात आल्या. त्या इतक्या लवकर येऊ शकल्या, कारण अनोळखी माणसांनी चाचणीसाठी आपला दंड पुढे केला होता. मी सहभागी झाले त्यामागे ही जाणीव होती.

आता संमतीच्या प्रक्रियेविषयी. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ नुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते, लेखी संमती घ्यावी लागते आणि सही केलेल्या कागदांची प्रत त्या व्यक्तीला द्यावी लागते. या केंद्रात मला मराठी माहितीपत्रक मिळाले. ते बरेच मोठे होते आणि अक्षर बारीक होते, तरी मजकूर सरळ होता. ही लस अजून विक्रीसाठी मंजूर नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिले होते. निम्म्या लोकांना नवी लस आणि निम्म्यांना आधीपासून वापरात असलेली लस मिळेल, कोणाला कोणती हे संगणक ठरवेल, आणि मला व मला तपासणाऱ्या डॉक्टरांना ते कळणार नाही, हे नीट समजावून सांगितले होते. तुलनेसाठी नुसते मिठाचे पाणी न देता मंजूर लस देण्याचा निर्णय मला विशेष आवडला, कारण ज्येष्ठांना एक अख्खा हंगाम संरक्षणाशिवाय ठेवणे योग्य झाले नसते.

समन्वयक म्हणून काम करणाऱ्या तरुण मुलीने पहिल्या भेटीत माझ्याकडून सही घेतलीच नाही. ती म्हणाली, “बाई, आज सही करू नका. कागद घरी न्या, मुलांना दाखवा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, आणि नको वाटलं तर फोनसुद्धा करू नका, आम्ही समजून घेऊ.” एवढ्या एका वाक्याने केंद्राविषयीचे माझे मत पुष्कळ वर गेले. नंतरच्या भेटीत मुख्य संशोधक डॉक्टरांनी माझे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले. अंड्याच्या ॲलर्जीचे काय, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू राहतील का, मध्येच सोडायचे ठरवले तर या रुग्णालयातील माझ्या इतर उपचारांवर परिणाम होईल का, हे सारे मी विचारले. शेवटच्या प्रश्नावर त्यांनी माहितीपत्रकातील संबंधित ओळ काढून दाखवली : कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, कसलेही नुकसान न होता बाहेर पडता येते. उरलेले रक्त पुढील संशोधनासाठी साठवून ठेवावे का, यासाठी वेगळा रकाना होता. तिथे ‘नाही’ लिहूनही चाचणीत राहता येते, हे त्यांनी न विचारता सांगितले. बऱ्याच लोकांचे या रकान्याकडे लक्षही जाणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

जे मला मिळाले ते सर्वांना मिळाले असते तर पुढचा मजकूर लिहावा लागला नसता. माझ्या ओळखीच्या एक अक्का पूर्व भागात राहतात, विड्या वळतात, घरी तेलुगू बोलतात आणि मराठी बोलतात पण वाचू शकत नाहीत. त्यांनाही सहभागी व्हायचे होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बाबतीत संमतीची संपूर्ण प्रक्रिया एका निःपक्ष साक्षीदारासमोर व्हावी आणि त्या साक्षीदाराने सही करावी, असा नियम आहे. केंद्रात तेलुगू माहितीपत्रक नव्हते. साक्षीदार म्हणून त्याच रुग्णालयातील तेलुगू जाणणाऱ्या एका कर्मचारी महिलेला बोलावले गेले. तिने दोन-तीन वाक्यांत सार सांगितले आणि सहीसाठी पेन पुढे केले. त्या बिचारीच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण जिचा पगार त्याच संस्थेतून येतो तिला निःपक्ष म्हणता येत नाही, आणि इतक्या पानांचे सार दोन-तीन वाक्यांत होत नाही. मी तसे बोलून दाखवल्यावर डॉक्टरांनी लगेच ते थांबवले, अक्कांना दुसरा दिवस दिला, आणि त्या दिवशी त्यांची शिकलेली भाची येऊन प्रत्येक पान तेलुगूत समजावून गेली. सगळे ऐकल्यावर अक्कांनी सही केली. चूक सुधारली गेली, हे केंद्राच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु ती सुधारण्यासाठी बाहेरच्या माणसाला बोलावे लागले, हीसुद्धा नोंद आवश्यक आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू ज्या शहराच्या गल्ल्यागल्ल्यांत बोलल्या जातात, तिथे एकाच भाषेतील कागदावर चाचणी उभी करणे मला मान्य नाही.

या मुद्द्यावर मी इतकी आग्रही का, याचे कारण आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो थांबवावा लागला. सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत म्हटले गेले, पण संमतीच्या प्रक्रियेत गंभीर दोष आढळले. अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर शब्दांत अहवाल दिला. त्याच काळात सर्वोच्च न्यायालयातही औषध चाचण्यांचा विषय गाजत होता, आणि नुकसानभरपाईचे व संमतीचे नियम कडक झाले ते त्यातूनच. ज्या मुलींच्या नावावर हे घडले त्यांच्यातील कित्येकींची भाषा अक्कांचीच होती.

लस टोचण्याच्या दिवसाविषयी तक्रारीला जागा नाही. नाव जाहीर न करता प्रत्येकाला क्रमांक दिला जातो आणि पुढच्या सर्व कागदांवर तोच चालतो. आधी ताप, नाडी, रक्तदाब पाहतात. त्या दिवशी ताप असेल तर लस पुढे ढकलतात. नंतर हातातून रक्त घेतात. ते घेणाऱ्या मावशींचा हात इतका हलका होता की शिरा सापडत नसलेल्या माझ्यासारखीलाही त्रास झाला नाही. लस तयार करणारी आणि टोचणारी परिचारिका वेगळ्या खोलीत असते, सिरिंजवर अपारदर्शक पट्टी लावलेली असते, आणि पुढे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी तिने लसीविषयी बोलायचे नसते. कोणाला कोणती लस मिळाली हे कळले तर डॉक्टरांच्या नजरेवर आणि आपल्या दुखण्या-खुपण्याच्या वर्णनावरही नकळत परिणाम होतो, म्हणून एवढी दक्षता.

मी लसीचा फ्रीज पाहायला मागितला, आणि त्यांनी तो काचेबाहेरून दाखवला. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावी लागते. मे महिन्यात जिथे पारा ४० च्या वर जातो आणि वीज केव्हाही जाते, त्या शहरात हे साधे काम नाही. फ्रीजवर तापमान आपोआप नोंदवणारे यंत्र होते, रोजच्या नोंदींचा तक्ता लावलेला होता आणि जनरेटरची सोय होती. सहभागी होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट पाहायला मागावी असे मला वाटते. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

टोचल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण क्वचित होणारी तीव्र ॲलर्जी बहुधा तेवढ्या वेळात दिसून येते. त्या खोलीत ॲड्रिनलीनचे इंजेक्शन, प्राणवायू आणि एक डॉक्टर तयार होते. घरी जाताना थर्मामीटर, एक छोटी प्लास्टिकची पट्टी आणि डायरी कार्ड दिले. टोचलेल्या जागेवरील लाली व सूज पट्टीने मोजायची आणि पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी ताप, अंगदुखी, डोकेदुखी, थकवा यांची नोंद करायची, असे ते काम होते. मला दंड दुखणे आणि थोडी कणकण एवढेच जाणवले, आणि ते लवकरच थांबले. डायरी कार्डाचे रकाने बारीक आहेत. ज्यांची दृष्टी कमी आहे किंवा ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी केंद्रातून फोन करून नोंद घ्यायला हवी होती. अक्कांची नोंद त्यांच्या नातवाने भरली.

साधारण चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. दोन्ही नमुने शेजारी ठेवून प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या रक्तातील प्रथिनांची, पातळी किती वाढली ते पाहतात. ती चौपट किंवा त्याहून अधिक वाढली तर शरीराने लसीला चांगला प्रतिसाद दिला असे मानतात. रक्त ४० पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडे विषाणूला अडवत असतील, तर त्या पातळीला सुमारे निम्म्या लोकांचे संसर्गापासून रक्षण होते, असा जुना ठोकताळा आहे. तो वृद्धांना तंतोतंत लागू पडत नाही, असेही डॉक्टरांनी सांगितले. म्हणूनच पावसाळाभर दर आठवड्याला फोन येत असे आणि ताप-खोकला आला तर नाकातून स्वॅब घेण्यासाठी बोलावले जाई. मला एकदा सर्दी झाली तेव्हा केंद्राने रिक्षाची व्यवस्था केली आणि डॉक्टरांनी स्वतः तपासले. फोन करणारी मुले आदराने बोलत, घाई करत नसत, आणि एखाद्या दिवशी बोलणे शक्य नसेल तर पुन्हा वेळ विचारून घेत. आपली एवढी विचारपूस नेहमीच्या दवाखान्यात क्वचितच होते.

वेळेविषयी मात्र नाराजी आहे. सर्व भेटी कामाच्या दिवशी सकाळी ठेवल्या होत्या. निवृत्त माणसाला ते चालते. पण विड्यांच्या हिशेबावर किंवा यंत्रमागावर ज्यांचे पोट आहे त्यांची त्या दिवसाची मजुरी जाते. प्रवासखर्च मिळतो, परंतु तो रिक्षाच्या भाड्यापुरता असतो. सहभागासाठी मोठी रक्कम देऊ नये, कारण गरजू माणूस पैशाकडे पाहून धोका पत्करील, ही भूमिका मला पटते. बुडालेली मजुरी भरून देणे हे मात्र आमिष होत नाही. ती भरून दिली नाही तर चाचणीत पेन्शनवाले आणि दुकानदार तेवढे येतात, आणि आलेली माहिती साऱ्या शहराची ठरत नाही. रविवारी अर्धा दिवस केंद्र उघडे ठेवले तरी हा प्रश्न पुष्कळसा सुटेल.

अपाय झाल्यास काय, हा प्रश्न घरच्यांनी सर्वांत आधी विचारला होता. नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर गरज असेपर्यंत, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत, वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात. इजा चाचणीमुळे झाल्याचे ठरले तर प्रायोजकाने भरपाई द्यावी लागते. मृत्यू ओढवल्यास ८ लाख रुपयांची मूळ रक्कम धरून वय आणि जोखीम यांच्या सूत्राने ती काढतात. गंभीर घटना घडल्यावर संशोधक डॉक्टरांनी २४ तासांच्या आत औषध नियंत्रण यंत्रणा, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी (सहभागी माणसांच्या हक्कांवर व सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी समिती) यांना कळवायचे असते. हे सारे माहितीपत्रकात होते, पण पार शेवटी. मी सुचवले आहे की हा भाग पुढे आणावा.

माझा मुख्य आक्षेप निकालाविषयी आहे. माझ्या रक्तातील प्रतिपिंडे वाढली की नाही आणि मला कोणती लस मिळाली, हे चाचणी संपल्यावर कळवले जाईल का, असे विचारले असता ‘प्रायोजकांनी कळवले तर सांगू’ एवढेच उत्तर मिळाले. चाचणी चालू असताना हे गुप्त ठेवणे आवश्यक आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण संपल्यानंतर काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका संयुक्त निवेदनात सामील झाली आहे, आणि चाचणी पूर्ण झाल्यापासून साधारण एका वर्षात निकालाचा सारांश सार्वजनिक नोंदवहीत यावा, अशी त्या निवेदनाची भूमिका आहे. नोंदवहीतील इंग्रजी सारांश अक्कांपर्यंत कसा पोहोचणार? ज्यांनी रक्त दिले, आठवडेच्या आठवडे फोन घेतले आणि पावसात स्वॅब देण्यासाठी रिक्षाने आले, त्यांना त्यांच्या भाषेत एका पानाचे पत्र पाठवणे केंद्राला जड जाऊ नये. ही मागणी मी एथिक्स कमिटीकडे लेखी दिली आहे. तिच्या सदस्य सचिवांचा फोन क्रमांक माहितीपत्रकात छापलेला असतो आणि तो कोणत्याही सहभागी व्यक्तीने वापरावा यासाठीच असतो.

हे केंद्र निवडावे का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र मराठी वाचता येत नसेल तर घरचे शिकलेले माणूस सोबत न्यावे आणि ते नसताना सही करू नये. जाण्यापूर्वी चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातील चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतला, क्रमांक मागून घ्यावा. आपल्या देशात जून २००९ पासून चाचण्यांची या नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, आणि क्रमांक सांगता न येणाऱ्या ठिकाणी पाऊल ठेवू नये. चालू औषधांची चिठ्ठी आणि गेल्या सहा महिन्यांत फ्लूची लस घेतली असल्यास त्याचा कागद बरोबर ठेवावा, कारण त्यावरच बहुधा पात्रता ठरते. रक्त देण्याच्या दिवशी, उपाशीपोटी यायला सांगितलेले नसेल तर, नाश्ता करून जावे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय लसीच्या खोलीत जाऊ नये.